सोलापुरात मुलाची बुद्धी मोजून घ्यायची तर : कुठे पैसे द्यावेत, कुठे देऊ नयेत

'आमचं पोरगं खरंच हुशार आहे का, आणि असेल तर पुढे काय' या एका प्रश्नावर सोलापुरात बरीच दुकानं चालतात. मानसशास्त्रज्ञाकडची बुद्ध्यांक चाचणी आहे, बोटांचे ठसे घेऊन जाडजूड रंगीत अहवाल देणारी केंद्रं आहेत, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे वर्ग आहेत, आणि नवोदय-स्कॉलरशिपच्या शिकवण्या तर गल्लोगल्ली. जाहिरातीत सगळे एकाच भाषेत बोलतात. मालात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून प्रत्येकाला वेगळं तपासलेलं बरं.

आधी खरी चाचणी. आपल्याकडे मुलांसाठी मुख्यतः दोन जुन्या कसोट्या वापरल्या जातात. पहिली बिने-कामत. फ्रान्समध्ये बिने आणि सिमोन यांनी १९०५ साली जी चाचणी केली, तिच्यावरून धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी ही बेतली. म्हणजे सोलापूरसारख्या दुभाषी मुलखाला ती परकी नाही. दुसरी मलिन यांची, १९६९ची, नागपुरात तयार झालेली. अमेरिकेतल्या वेक्सलर चाचणीचं ते भारतीय रूप. तिला सगळे 'मिसिक' म्हणतात. काही ठिकाणी नवी वेक्सलरही मिळते. तिचं साहित्य महाग, त्यामुळे फीही जास्त.

बिने-कामतचा हिशेब साधा आहे. तिसऱ्या ते दहाव्या वर्षापर्यंत प्रत्येक वर्षासाठी सहा प्रश्न असतात, प्रत्येक बरोबर उत्तराचे दोन महिने. ज्या वर्षाचे सगळे सहा प्रश्न सुटले तो पाया धरायचा, पुढचे सुटतील तसे महिने मिळवत जायचे. जी बेरीज येते ते मानसिक वय. त्याला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणायचं. मूल ८ वर्षं ४ महिन्यांचं, म्हणजे १०० महिन्यांचं, आणि मानसिक वय १२० महिने आलं तर बुद्ध्यांक १२०. इथेच पहिली गोची होते. जन्मतारीख चुकली की आकडा चुकला. खरं वय ९६ महिने आणि शाळेच्या दाखल्यावर १०२ असेल, तर १०८ महिन्यांच्या मानसिक वयाला एकाच मुलाचा बुद्ध्यांक ११३ऐवजी १०६ निघतो. दाखल्यावरच्या त्या सुप्रसिद्ध १ जूनचा जमाना आता सरत आलाय, तरी चाचणीला जाताना शाळेचा दाखला नेऊ नका, महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला न्या.

मिसिकमध्ये दोन भाग. शाब्दिक भागात माहिती, आकलन, अंकगणित, साम्य, शब्दसंग्रह आणि अंक उलटसुलट म्हणून दाखवणं. कृतीच्या भागात चित्रातली उणीव ओळखणं, ठोकळ्यांची रचना, तुकडे जोडून वस्तू करणं, चिन्हलेखन, आणि चक्रव्यूह. सगळं नीट घेतलं तर दोन-सव्वादोन तास लागतात. अर्ध्या तासात 'पूर्ण बुद्ध्यांक' देणाऱ्याने काय काय गाळलं ते विचारा. दोन-तीन उपचाचण्यांवरून अंदाज काढता येतो, पण मग अहवालात तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

ठोकळ्यांची चाचणी कशी घेतात ते पाहिलं की केंद्राचा दर्जा लगेच कळतो. लाल-पांढरे ठोकळे मुलासमोर ठेवतात, कार्डावरची नक्षी दाखवतात, स्टॉपवॉच सुरू होतं. चांगला परीक्षक 'शाब्बास, अगदी बरोबर' म्हणत नाही, आणि 'अंहं' पण म्हणत नाही. मुलाने ठोकळा तिरका धरून कोपरा जुळवायचा प्रयत्न केला, मध्येच सगळं मोडून पुन्हा सुरू केलं, वेळ संपल्यावरही सोडायला तयार नाही, हे सगळं तो टिपून ठेवतो. अहवालात खरी किंमत या टिपणांना आहे. आई-बाबा खोलीत बसलेले असतील आणि मागून 'नीट बघ की गं, लाल कुठंय' असं चालू असेल, तर त्या भागाचे गुण धरण्यात अर्थ नाही.

सोलापुरात हमखास चुकतं ते भाषेपाशी. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडच्या घरांत कानडी, आणि पोर मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत जातं. अशा मुलाला शब्दसंग्रह इंग्रजीतून विचारला, किंवा परीक्षकाने जागच्या जागी मनाने भाषांतर केलं, तर शाब्दिक गुण पडतात. भाषांतरात प्रश्न सोपा किंवा अवघड होऊन बसतो, आणि मग तुलना कोणाशी करायची हेच राहत नाही. शाब्दिक ९२ आणि कृतीचा ११८ असा अहवाल आला तर दोघांची सरासरी काढून '१०५, साधारण' असं सांगणं म्हणजे मुलाबद्दल काहीच न सांगणं. पंधरापेक्षा जास्त फरक असेल तर त्याचं कारण अहवालात यायलाच हवं. येत नसेल तर परत मागा. पैसे त्याचेच दिलेत.

आणखी दोन दोष सर्रास दिसतात. रेव्हनच्या आकृत्यांची रंगीत चाचणी, म्हणजे ५ ते ११ वर्षांच्या मुलांची ३६ प्रश्नांची, काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर घेतली जाते. रंग आणि छटा गेल्या की प्रश्नच बदलतो. दुसरं, जुन्या कसोट्यांची सरासरी जुन्या मुलांवरून ठरवलेली आहे. विसाव्या शतकात अनेक देशांत अशा चाचण्यांचे सरासरी गुण दर दशकाला सुमारे तीन या वेगाने वाढत गेले. फ्लिन परिणाम म्हणतात तो हाच. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मुलांशी तुलना केली की आजच्या मुलाचा आकडा फुगतो. 'आमच्याकडे आलेल्या बहुतेक मुलांचा १३०च्या वर' असं कोणी अभिमानाने सांगत असेल तर त्यात मुलांची कर्तबगारी कमी, जुन्या तक्त्याची कृपा जास्त.

उत्तम चाचणीतही पाच-सात गुण इकडेतिकडे होतातच. १२८ आणि १३२ मध्ये काही फरक नाही. म्हणून अहवालात एकटा आकडा नसावा, पट्टा असावा : '१२१ ते १३५ या दरम्यान' असा. घेणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारा, संकेतस्थळावर नाव तपासता येतं. चाचणी सकाळी ठेवा. शाळा, क्लास आणि स्केटिंग उरकून संध्याकाळी सातला आलेलं पोर थकव्याचे गुण मिळवतं. तीच चाचणी वर्षाच्या आत पुन्हा घेऊ नका, ठोकळे आणि आकृत्या लक्षात राहतात आणि गुण आपोआप वाढतात. घरी 'सराव' तर अजिबात नको. परीक्षेची तयारी करता येते, पण मोजपट्टी पाठ करून आलेल्याचं माप निघत नाही.

हे सगळं सांभाळणाऱ्या सेवेला पाचपैकी चार. पण घ्यायची कधी? मूल तोंडी सगळं सांगतं आणि लिहायला बसवलं की अडतं, वर्गात कंटाळून दंगा करतं, इयत्ता वर चढवायचा विचार आहे, किंवा अध्ययन अक्षमतेची शंका आहे, तेव्हा जरूर घ्या. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी आणि दहावीच्या सवलतींसाठी ती लागतेच, आणि ते प्रमाणपत्र अधिकृत सरकारी रुग्णालयाचंच चालतं. ते काम असेल तर आधी तिकडे चौकशी करा, खासगीत दुप्पट खर्च होतो. नुसतं पाहुण्यांना सांगायला आकडा हवा असेल तर त्या पैशात घरी चांगली पुस्तकं येतात.

आता मूळ मुद्दा, तो आकडा पुढचं आयुष्य किती सांगतो. शाळेपुरतं विचाराल तर बरंच. इंग्लंडमध्ये सत्तर हजारांवर मुलांचे अकराव्या वर्षीचे बुद्धिमत्तेचे गुण आणि सोळाव्या वर्षीचे परीक्षेचे निकाल ताडून पाहिले तेव्हा सहसंबंध ०.८च्या घरात निघाला (१ म्हणजे तंतोतंत जुळणं, ० म्हणजे काहीच संबंध नसणं). हा अभ्यास २००७चा. माणूस एकूण किती शिकेल याच्याशी संबंध ०.५च्या थोडा वर. तिथून पुढे मात्र उतरण लागते. नोकरीतल्या कामगिरीशी तो ०.५१ असल्याचं १९९८पासून सांगितलं जात होतं. २०२२ साली तो हिशेब पुन्हा तपासला तेव्हा ०.३१वर आला, आणि नीट आखून घेतलेली मुलाखत त्याच्या पुढे निघाली. उत्पन्नाशी संबंध ०.२च्या आसपास. म्हणजे माणसा-माणसांच्या कमाईत जो फरक असतो त्यातला जेमतेम चार टक्के बुद्ध्यांकावरून कळतो. उरलेल्यात घर, गाव, तब्येत, चिकाटी, ओळखीपाळखी, नशीब, आणि कोणत्या साली नोकरीच्या बाजारात उतरलात तेही. शून्य नाही, हेही लक्षात ठेवा. 'बुद्ध्यांकाला काही अर्थ नाही' म्हणणारे आणि '१४० म्हणजे कलेक्टर' म्हणणारे दोघेही चुकतात.

या बाबतीत सगळ्यात बोलका अनुभव कॅलिफोर्नियाचा. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१पासून पंधराशेवर अतिबुद्धिमान मुलं निवडली आणि म्हातारपणापर्यंत त्यांचा मागोवा ठेवला गेला. मुलं एकूण चांगली निघाली : शिकली, कमावली, तब्येतीने धड राहिली. पण नोबेल त्यातल्या एकालाही नाही. उलट चाचणी देऊन निवडीत न बसलेल्यांपैकी विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना पुढे पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ साली. टर्मन यांनी आपल्याच गटातले सर्वांत यशस्वी दीडशे आणि सर्वांत मागे पडलेले दीडशे पुरुष शेजारी ठेवून पाहिले. बुद्ध्यांकात फरक थोडका. ठळक फरक होता तो हातातलं काम तडीला नेण्यात, ध्येय पक्कं असण्यात आणि घरच्या वातावरणात. हे बुद्ध्यांक मोजण्यावर ज्याचा आयुष्यभर विश्वास होता त्याच माणसाचं निरीक्षण आहे, म्हणून त्याला वजन.

मुलं निवडली कशी जातात यावरही खूप अवलंबून असतं. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड परगण्यात आधी शिक्षक-पालकांनी नाव सुचवलेल्या मुलांचीच चाचणी होई. २००५पासून दुसरीतल्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाळणी सुरू केली, तेव्हा हुशार मुलांच्या विशेष वर्गात जाणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण ८० टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक मुलांचं १३० टक्क्यांनी वाढलं. मुलं तीच होती, कुणी विचारलं नव्हतं एवढंच. आपल्याकडे दिवसभर विड्या वळणारी आई मुलाचा बुद्ध्यांक काढायला केबिनमध्ये येणार नाही. पालकाच्या खिशातून चालणारी चाचणी हुशार मुलं शोधत नाही, हौशी पालक शोधते.

पुण्यातली ज्ञानप्रबोधिनी प्रशाला १९६९पासून पाचवीला चाचण्या घेऊन मुलं निवडते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिल्फर्ड यांच्या आराखड्यावर बेतलेल्या त्यांच्या कसोट्या बुद्धीच्या अनेक पैलूंचा वेगवेगळा विचार करतात. त्यांचं काम सोलापुरातही आहे. अहवाल कसा असावा याचा नमुना पाहायचा असेल तर एका आकड्यावर न थांबणारी ही पद्धत पाहा.

ठशांच्या केंद्रांवर फार शाई खर्च करायचं कारण नाही. दहा बोटांचे ठसे स्कॅन करतात आणि महिन्याभराने वाटोळी चित्रं-आलेखांचा अहवाल हातात येतो : डावा मेंदू इतके टक्के, संगीत इतके, डॉक्टर व्हावं की वकील तेही. बोटांच्या रेषा आईच्या पोटात चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात आणि पुढे बदलत नाहीत, हे खरं. त्यावरून अक्कल मोजता येते, हे खोटं. भारतीय मनोविकारतज्ज्ञ संघटनेने या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलेलं आहे. ज्या हॉवर्ड गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धान्ताचं नाव त्या अहवालावर छापतात, त्यांनी तो १९८३ साली मांडला तेव्हा त्यात बोटांच्या ठशांचा संबंधच नव्हता. पैसे भरलेच असतील तर दोन भावंडांचे अहवाल शेजारी ठेवून नुसता मजकूर वाचा. 'योग्य मार्गदर्शन मिळाल्यास उत्तम प्रगती करेल' हे दोघांनाही लागू. पाचपैकी शून्य.

पट्टी बांधून वाचण्याचे वर्ग त्याहून वाईट, कारण तिथे मूल लबाडी शिकतं. पट्टीच्या खालून नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते, मूल मान किंचित वर करून तिथून बघतं. तपासायला खर्च नाही. कार्ड मुलाच्या कपाळाच्या वर धरा, किंवा पोहण्याच्या गॉगलला आतून काळी चिकटपट्टी लावून तो घाला. वाचन तिथेच थांबतं. मग केंद्रवाले 'आज एकाग्रता नाही' म्हणतात.

राहिलं नवोदय. या सगळ्या बाजारात जिच्यासाठी खटपट करावी अशी ही सेवा आहे, आणि तिची परीक्षा फुकट. सोलापूर जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला. सहावीला ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी, एक तृतीयांश मुलींसाठी. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीपासून महिना ६०० रुपये विकास निधी, पण मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना तोही माफ. सरकारी नोकरदारांच्या मुलांना १५००. नववीत काही मुलांना वर्षभर हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयात पाठवतात, ही गोष्ट आई-वडिलांना बऱ्याचदा प्रवेशानंतर कळते. आधीच मनाची तयारी ठेवा.

परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न ५० गुणांचे, अंकगणित २० आणि भाषा २०, प्रत्येकी २५ गुण. चुकीला गुणकपात नाही, म्हणजे एकही गोल रिकामा सोडू नये. मानसिक क्षमतेचे दहा भाग, प्रत्येकी चार प्रश्न, सगळे आकृत्यांचे : विसंगत आकृती, जुळणारी आकृती, अपुरी आकृती पूर्ण करणं, मालिका, समसंबंध, त्रिकोण-चौरस-वर्तुळ पुरे करणं, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद, तुकडे जोडून आकार, आणि लपलेली आकृती. मुलं पडतात ती आरसा आणि कागदाच्या घडीत. त्यासाठी गाईड पाठ करायची गरज नाही. चौकोनी कागद घ्या, दोनदा घडी घाला, पंचिंग मशीनने कोपऱ्यात भोक पाडा, उघडण्याआधी मुलाला भोकं कुठे येतील ते काढायला सांगा, मग उघडा. महिनाभर रोज चार-पाच कागद पुरे. वर्षभराची निवासी शिकवणी घेणारे हेच करतात, फक्त फी भरपूर घेतात.

बुद्धी असूनही अर्ज अडतो तो कागदांत. मूल पाचवी ज्या जिल्ह्यात शिकतंय तिथलाच रहिवासी हवं. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण शाळेत हवीत. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरातल्या शाळेत नाव असलं तरी मूल शहरी धरतात. सोलापुरात हे फार महागात पडतं, कारण हद्दवाढ भाग दिसायला खेड्यासारखा असला तरी कागदावर महापालिकेत आहे. पंढरपूर, बार्शी ही नगरपालिकेची गावंही शहरीच. तिसरीत 'चांगली शाळा' म्हणून मुलाला शहरात आणलं आणि चौथीत परत नेलं, तर ग्रामीण जागा गेली. परीक्षा एकदाच देता येते, दुसऱ्या वेळेला संधी नाही. २०२४ आणि २०२५ साली ती जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी झाली होती, म्हणजे गड्ड्याची जत्रा ऐन भरात असताना. ज्याच्या घराशेजारी पाळणे फिरतात त्या पोराला आदल्या रात्री झोपवणं ही वेगळीच परीक्षा. पुढे ती डिसेंबरातही घेतली गेली, तेव्हा तारीख प्रवेशपत्रावरूनच पक्की करा. सेवेला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो अशासाठी की दोन तासांच्या एका दिवसावर सगळं ठरतं, आणि एकदा हुकलेल्या मुलाला तिथे परत दार नाही.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या शिकवण्यांना तीन. दोन पेपर, प्रत्येकी दीडशे गुण. पहिल्यात प्रथम भाषा ५० आणि गणित १००, दुसऱ्यात तृतीय भाषा ५० आणि बुद्धिमत्ता चाचणी १००. प्रत्येकी ७५ प्रश्न, दीड तास. शिष्यवृत्तीची रक्कम किरकोळ आहे, पण वेळ लावून सोडवायची सवय लागते आणि गणित पक्कं होतं. वरच्या इयत्तेच्या पेपरात काही प्रश्नांना दोन उत्तरं बरोबर असतात आणि दोन्ही गोल रंगवावे लागतात. हुशार मुलांचे गुण नेमके तिथेच जातात. इयत्ता चौथी-सातवीची की पाचवी-आठवीची, यात सरकारने मधूनमधून बदल केले आहेत, तेव्हा फी भरण्याआधी त्या वर्षाचं परिपत्रक शाळेत विचारा.

आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस, म्हणजे बेताच्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा, मात्र जरूर द्या. अट एवढीच की घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. मानसिक क्षमता ९० आणि शालेय विषय ९० गुणांचे, नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. नोंदणी शाळेमार्फत होते, आणि मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतलं हवं. विनाअनुदानित इंग्रजी शाळेतल्यांना ही दारं बंद. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढून ठेवा, आणि मुलाच्या बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का तेही पाहा. परीक्षा पास होऊनही खात्यात पैसे न येण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.